यमदूताची सुटलेली चप्पल

पंख लावलेला पांढरा झगा उपचार केंद्राच्या बाईंनी स्वतः घरी आणून दिला. माझी बहीण ठाकुर्लीला राहते. तिची मुलगी तेव्हा तेरा वर्षांची, आठवीत होती. जन्मापासून तिचे पाय तिचं ऐकत नाहीत. डावा हात निम्मंअर्धं ऐकतो. उजवा मात्र कुणाचंही मनगट पिरगाळू शकेल असा आहे. व्यायामासाठी ती डोंबिवलीतल्या एका केंद्रात जाते. त्या केंद्राच्या मदतीसाठी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मॉलने ट्रॉल्यांची शर्यत ठेवली होती. वेष करायचा, एकाने खरेदीच्या ट्रॉलीत बसायचं, दोघांनी ढकलायचं. केंद्रातल्या एका मुलीने परी होऊन स्टेजवर बसायचं आणि झेंडा दाखवायचा. बाईंनी माझ्या भाचीचं नाव दिलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

भाचीने झगा उलटासुलटा करून पाहिला.

"पाय द्यायचे सोडून पंख देतायत," ती म्हणाली.

बाई हसल्या. भाची हसली नाही. बाई गेल्यावर तिने झगा खाटेखाली ढकलला आणि माझ्याकडे वळली.

"मामा, मी शर्यतीत उतरणार. ट्रॉलीत मी, ढकलायला तू आणि आई."

"डोकं फिरलंय हिचं," ताई म्हणाली.

"का? बसायचंच तर आहे. बसायची माझ्याएवढी प्रॅक्टिस कोणाला आहे?"

मी स्पर्धेचे नियम वाचले. ट्रॉलीत बसणाऱ्याला चालता आलं पाहिजे, असं कुठेही नव्हतं. तसं सांगितलं तेव्हा ताईने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी आजवर विसरलेलो नाही. माझ्या मताशी तिला देणंघेणं नव्हतं. केंद्र पैसे घेत नाही, आणि दर खेपेला तिथे तोंड तिला दाखवायचं असतं. आम्ही दोघं बोलून मोकळे होतो, निस्तरते ती. हे तिने त्या दिवशी बऱ्याच वेळा, वेगवेगळ्या आवाजात सांगितलं.

मॉलच्या माणसाने फोनवर आधी "सेफ्टी इश्यू" सांगितला, मग "इमोशनली कसं दिसेल" असं विचारलं. मी एवढंच म्हटलं की नकार असेल तर लेखी कळवा. लेखी काही आलं नाही. आमचं नाव यादीत गेलं.

सराव आम्ही एका सुपरमार्केटमध्ये केला, दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना. खरेदीच्या ट्रॉलीचं एक चाक नेहमी आपल्या मर्जीने जातं. ढकलणारा त्याच्याशी झटापट करत बसतो. भाचीने पहिल्याच दिवशी ओळखलं की आत बसलेल्याने योग्य वेळी अंग कलवलं तर ट्रॉली सरळ येते. कडेची जाळी उजव्या हाताने धरून ती झुकायची आणि ओरडायची, "आता सोड! आता दाब!" डाळींच्या रांगेतून साबणांच्या रांगेत वळताना आमची ट्रॉली कुठे घासत नसे. तिसऱ्या खेपेला सुरक्षारक्षकाने आम्हाला बाहेर काढलं. ताईने माफी मागितली. भाचीने विचारलं, "वळणावर स्पीड किती वाटला तुम्हाला?"

वेष तिने स्वतः ठरवला होता. शेअर रिक्षावाला. शेजारच्या रिक्षावाल्याचा जुना खाकी शर्ट, पुठ्ठ्याचा बिल्ला, रबरी भोंगा, ट्रॉलीच्या तोंडाला "स्टेशन" अशी पाटी. ताई आणि मी पॅसेंजर, म्हणजे आम्हाला वेष करायची गरज नव्हती. ताईने पिशवी घेतली होती. ती खरीच होती.

शर्यतीच्या दिवशी मी सकाळीच ठाण्याला खोपटमधल्या माझ्या घरून निघून ठाकुर्लीला गेलो आणि तिघं रिक्षाने मॉलवर पोचलो. मॉलच्या मागचं उघडं पार्किंग रिकामं केलं होतं. उन्हाने डांबर मऊ पडलं होतं. स्टेजला सहा पायऱ्या होत्या आणि उतार नव्हता. परी झाली असती तर भाचीला चार स्वयंसेवक वर उचलून नेणार होते. त्याचा फोटो घ्यायला एक माणूस आधीच नेमलेला होता.

चार संघ होते. एका जिमची पोरं यमदूत झाली होती. त्यांच्या ट्रॉलीत फोमची गदा घेतलेला यम. मुलांच्या उपचारासाठीच्या कार्यक्रमाला यम कसा, हे कोणीच विचारलं नव्हतं. एका बँकेचे कर्मचारी भुतं झाले होते. एका सोसायटीतले साठीचे लोक भाज्या झाले होते. वांगं आणि दुधी भोपळा ढकलणार, कोबी आत. आम्ही जागेवर आलो तशी यमाने भाचीला "हाय" केलं.

"चौथी सीट पुढे बस," ती म्हणाली. "सुट्टे आणलेत ना?"

तो हसला. तोवर सगळं बरोबरीचं होतं.

पार्किंगला दोन फेऱ्या मारायच्या होत्या. पहिल्या वळणावर दुधी भोपळ्याचं डोकं उडून मागे पडलं. ते आणायला भाज्या परत गेल्या. भुतांच्या चादरी चाकात अडकत होत्या, त्यांना आम्ही दुसऱ्या वळणावर मागे टाकलं. हे फुकटात झालं नाही. भाची जाळीवर अर्धी बाहेर झुकली होती, कमरेला बांधलेला पट्टा ताणला होता, आणि "आई, दाब! झोपलीस काय!" हे शब्द पूर्ण पार्किंगला ऐकू गेले असणार. ताईने दाबलं. दुसरी फेरी संपत आली तेव्हा यम आमच्यापुढे एका ट्रॉलीएवढा होता आणि त्याची पोरं दमली होती. पुढे जाता आलं असतं. नसतंही. ते कळायला तेवढी जागा शिल्लक होती.

तेवढ्यात निवेदकाने माइक तोंडाजवळ नेला.

"अरे बघा बघा! ही तीच आपली छोटी परी, जिच्यासाठी आपण सगळे इथे जमलोय! दोस्तांनो, हिला जिंकू देणार ना?"

गर्दीने "होऽऽ" केलं. यमाने मागे वळून पाहिलं आणि गदा वर केली. यमदूत शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबले, ट्रॉली बाजूला घेतली आणि वाकून वाट दाखवली. आमच्या मागे भुतंही थांबली. सगळे हसत होते. बरंच चांगलं काम केल्यावर येतं तसं हसू होतं ते.

भाचीने भोंगा दाबून धरला.

"ए यमराज! गाडी काढ! स्टँड आहे काय हा?"

"जा बाळा, तू जा पुढे," यम म्हणाला.

"बाळा कोणाला म्हणतोस रे?" आणि मग आम्हाला, "थांबा. इंजिन बंद."

मी हात काढले. ताई ढकलत राहिली. ट्रॉली आडवी झाली.

"अगं, चल ना! सगळे बघतायत!"

"बघू देत. तेच करायला आलेत."

"बाईंना काय वाटेल? रेषा ती काय, इथे तर आहे!"

"मग तू जा. चालत."

ताईचाही हात सुटला. शेवटच्या रेषेसमोर तीन ट्रॉल्या उभ्या होत्या आणि कोणीच ओलांडत नव्हतं. टाळ्या आधी वाढल्या, मग तुटक झाल्या, मग थांबल्या. निवेदकाने "कम ऑन, परी" असं दोनदा म्हटलं. यमाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आपण दिलेलं कोणी घेत नाही असं दिसलं की माणसाला राग येतो. तो त्याला आला होता.

स्पीकरची तोंडं गर्दीकडे होती. मागून येणाऱ्या भाज्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. भोपळ्याचं डोकं आता कोबीच्या मांडीवर होतं. वांगं, ज्याच्या आतला गृहस्थ घामाने निथळत होता, "बाजूला व्हा, बाजूला!" असं ओरडत आमच्या मधून गेलं आणि रेषा ओलांडून गर्दी अडवायला बांधलेल्या दोऱ्यांपर्यंत धावत गेलं. तिथे त्याने वळून पाहिलं.

"बाकीचे कुठे राहिले?"

भाची हसली. त्या दिवशी पहिल्यांदा.

"मामा, हाण!"

आम्ही ट्रॉली सरळ केली. यमाने ते पाहिलं. पहिला नंबर गेलाच होता. "अरे पळा, दुसरे तरी या!" असं तो आपल्या पोरांवर खेकसला. उरलेलं अंतर किरकोळ होतं, पण ते सगळ्यांनी पळून काढलं. यम गदेच्या लांबीने पुढे राहिला. आम्ही तिसरे. भुतं चादरी गोळा करत आली.

निवेदक कप घेऊन खाली आला, कारण भाची वर जाणार नव्हती.

"हा कितव्या नंबरचा?" तिने विचारलं.

"हा जिद्दीचा आहे बाळा. स्पेशल."

"मग भोपळ्याला द्या. डोकं पडलं तरी आले."

फोटो काढणाऱ्याने कॅमेरा खाली घेतला. केंद्राच्या बाई दुसरीकडे पाहू लागल्या. कप शेवटी ताईने घेतला, कारण कोणीतरी घ्यायला हवाच होता, आणि ताईच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी अशाच तिच्याकडे आलेल्या आहेत.

परतताना रिक्षा केली, शेअर नाही, स्पेशल. ताई कोपऱ्यात कप मांडीवर घेऊन बसली होती.  मानपाडा आल्यावर ती बोलायला लागली ती थांबली नाही. कार्यक्रम नासवला, लोक चांगुलपणाने करतात, ह्या पोरीला चांगुलपणा पचत नाही, आणि ह्या मामाने तिला डोक्यावर बसवून ठेवलंय.  भाची बाहेर बघत होती. तिला ते ऐकू येत होतं असं वाटलं नाही.

"मामा," ती अचानक म्हणाली, "शेवटी यम खरा पळाला, की परत माझ्यासाठी नाटक केलं?"

 मागे राहून तिची समजूत काढायची, आणि पुढे जाऊनही तिचीच समजूत काढायची, असं लोक करू शकतात हे भाचीला त्या वयात माहीत होतं. मला खुशामत करायची नव्हती. जे पाहिलं ते सांगितलं.

"त्याच्या डावीकडच्या पोराची चप्पल सुटली. तो थांबला नाही. अनवाणी पळाला."

"डांबरावर?"

"डांबरावर. नंतर एका पायावर उड्या मारत चप्पल आणायला गेला. आईवरून शिवी दिली."

"कोणाला?"

"डांबराला. मग यमाला."

"नक्की? तू बघितलंस?"

"मी त्याच्या मागेच होतो."

 शर्टाच्या खिशावरचा पुठ्ठ्याचा बिल्ला एका बाजूने उखडला होता, तो तिने अंगठ्याने दाबून बसवला.

"मग खरंच हरलो," ती म्हणाली.

"त्यात हसण्यासारखं काय आहे?" ताई म्हणाली. "उद्या बाईंनी विचारलं तर मी काय सांगू?"

"तिसरा नंबर आला, सांग. चारातला."