टाकी ले-आउट

सत्तरच्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी शेतं मोडून प्लॉट पाडायची लाट आली. अशा नव्या वस्तीला आमच्याकडे ले-आउट म्हणतात. बाबा शाळामास्तर. त्यांनी हायवेपलीकडचा प्लॉट घेतला तो नुसता नकाशा पाहून. नकाशात बाग होती, रस्ते होते आणि कोपऱ्यात एक गोल काढून लिहिलं होतं, पाण्याची टाकी. आईनं गोलावर बोट ठेवून विचारलं, "इथूनच नळ येईन ना?" तिला एवढंच हवं होतं, दारात नळ.

राहायला गेलो तेव्हा बागेत बाभळी होत्या आणि गोलाच्या जागी खड्डा. विहीर हायवेच्या अलीकडे. भंडाऱ्याहून आणलेली पाण्याची पितळी गुंडी डोक्यावर घेऊन आई ट्रक जायची वाट पाहत उभी राहायची.

पंधरा घरं झाली तसं वस्तीला नाव हवं झालं. धानाची शेती असलेले होते, नोकरीतले बौद्ध होते, एकाचं नाव दुसऱ्याला चालेना. शेवटी बाबांनीच तोड काढली, टाकी ले-आउट. कोणाचं काही दुखणार नाही आणि नाव ऐकून तरी टाकी लवकर येईल. सगळ्यांना पटलं. पाटी बाबांनी स्वतः रंगवली. वर्षभरात रिक्षेवाले, पोस्टमन, सगळे तेच म्हणू लागले.

मग गावात टाक्या मंजूर होऊ लागल्या. बाबांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला. कचेरीतला बाबू पहिली ओळ वाचून म्हणाला, "गुरुजी, तुमच्याइथं तं टाकी हाये. नावच टाकी हाये."

"नाही म्हणून तं अर्ज केला."

"मंग असं नाव कायले ठेवलं?"

'टाकी असलेली वस्ती' असा शेरा पडला आणि आमची टाकी दुसरीकडे गेली. बाबांनी वस्तीचं नाव बदलून पुन्हा अर्ज केला. अशी वस्ती दप्तरी नाही म्हणून तोही परत आला. लोकांना हा किस्सा सांगितला की ते हसतात, मला अजून हसू येत नाही. आई बाबांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऐंशी सालानंतर तिचे गुडघे गेले. लग्न होऊन मी नागपुरात होते, तिला माझ्याकडे आणलं. मोरीतला नळ ती उगाच सोडून पाहायची, लगेच बंद करायची. बाबा नोकरीपायी तिथंच राहिले. दोन वर्षांत आई गेली.

तारघरात मी फॉर्मवर बाबांचं नाव आणि गाव एवढंच लिहिलं. वस्तीचं नाव मला हातानं लिहवेना. खिडकीतल्या माणसानं फॉर्म परत सरकवला. म्हणाला, "पूर्ण पत्ता लिहा, नाही तर पोचणार नाही." मी लिहिलं, टाकी ले-आउट.

तार बरोबर पोचली. बाबा तेव्हा गुंडी घेऊन विहिरीवर गेले होते.