सलामीशिवायची कुस्ती

शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर कामगारांचे पगार काढायची. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटर चालवणारी पोरगी म्हणून घरी थोडा रुबाब होता आणि त्याच कारणानं लग्न जमत नाही म्हणून थोडी कुरकुरही होती. माझं चित्त मात्र तिसरीकडेच असायचं. ऑफिस सुटलं की मी घरी न जाता मंगळवार पेठेतलं टीव्ही दुरुस्तीचं दुकान गाठायची.

दुकान चाचांचं. ते आमच्याच गल्लीत राहत, वडिलांचे तालमीतले जुने जोडीदार. त्यांच्या भावानं दुबईहून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालायची, की खेळ सुरू. गल्लीतली पोरं भाड्यानं खेळायला रांग लावत. सगळे खेळ परदेशी, विमानं पाडा नाहीतर भुतं चुकवा. हे आपल्याला का जमू नये, असं माझ्या डोक्यात शिरलं आणि मग ते निघेचना. चाचांनी दुकानाचा मागचा कोपरा मला दिला आणि मी कुस्तीचा खेळ लिहायला घेतला.

गंमत अशी, की तालमीच्या उंबऱ्याआत मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. बायकांना तिथं मज्जाव. माझी कुस्ती सगळी जेवणाच्या ताटावरची. आबा, म्हणजे माझे वडील, जुने पैलवान. एका हातात भाकरी धरून दुसऱ्या हातानं ढाक कशी मारायची ते हवेत दाखवायचे आणि आई म्हणायची, आधी तांबड्या रश्श्याला चीत करा. ते सगळे डाव मी त्या पेटीत घातले.

डावांच्या आधी सलामी घातली. वाकून माती उचलायची, समोरच्याच्या हातावर द्यायची, मग हात मिळवायचा. त्यासाठी खेळणाऱ्यानं हातातली दांडी, म्हणजे जॉयस्टिक, आधी खाली ओढायची. तोवर कुस्ती लागतच नसे. हे पडद्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं, कारण लिहावं असं मला सुचलंच नाही. पेठेतल्या एकाही पोराला ते सांगावं लागलं नाही.

टीव्ही-गेमचे सेट विकणारा एक माणूस मुंबईहून चाचांकडे आला, दुकानातली गर्दी बघून थबकला आणि माझी कॅसेट घेऊन गेला. पुढं त्याच्या ओळखीच्या मुंबईतल्या एका कंपनीतून मला बोलावणं आलं. कंपनी मोठी होती, परदेशासाठी खेळ बनवायची. एका खोलीत नुसते चित्रं काढणारे, दुसरीत नुसते आवाज करणारे. मी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून पैलवान काढले होते आणि दंड थोपटल्याचा आवाज जमेना म्हणून रडले होते. इथं प्रत्येक रडण्याला एक माणूस नेमलेला होता. खोटं कशाला बोलू, मला त्या खोल्यांचा हेवा वाटला.

मोठ्या साहेबांनी दांडी हातात घेतली. डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, बटण दाबलं. दोन्ही पैलवान खांबासारखे उभे. प्रोग्राम अडकलाय वाटतं, असं ते म्हणाले. मी पुढं होऊन दांडी खाली ओढली. पैलवानानं माती दिली आणि कुस्ती लागली. साहेब रंगून खेळले आणि तिथंच मला नोकरी देऊ केली. मात्र हा सलामीचा प्रकार काढायचा, तेवढ्यात गिऱ्हाईक पळून जाईल. चीत करण्याऐवजी ठरावीक वेळ लावायची, गुण ठेवायचे. पुढं माझ्याकडे फक्त पैलवानांच्या हालचाली राहतील, खेळ कसा असावा ते वरचे लोक बघतील. आठवड्यात कळवा म्हणाले.

तो आठवडा मी कुणाला धड बसू दिलं नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं. फाउंड्रीत एकाचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या नावावर गेला आणि तो गडी माझ्या टेबलापाशी येऊन अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा भांडून गेला. चाचा म्हणाले, बेटी, जा. इथं वीज गेली की तुझं दिवसभराचं काम वाहून जातं, आणि माझ्या दुकानाचा तरी काय भरवसा? त्यांनी मला अडवलं नाही याचाच मला राग आला.

मग मला एक छान कारण सापडलं. सलामी काढणं म्हणजे आबांचा अपमान. हे कारण मला इतकं आवडलं की मी ते मनात घोळवत हिंडू लागले. शिवाय आबांना मोठ्या घरची चाकरी ठाऊक होती. तरुणपणी एका साखर कारखान्यानं त्यांना मल्ल म्हणून पदरी ठेवलं होतं. दूध, तूप, बदाम, वर पगार. कुणाशी लढायचं आणि कधी, ते कारखाना ठरवायचा. ते सगळं सोडून आबा जत्रेजत्रेत लढत हिंडले. का सोडलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आई म्हणायची, मस्ती.

एका सकाळी आबा रोजच्यासारखे चौकात गिऱ्हाइकांसमोर म्हशीची धार काढत बसले होते. मी शेजारी उभी राहून मुंबईची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी, सलामी काढा म्हणतात, हे जरा जोरात सांगितलं.

"मग काढ की," आबा म्हणाले.

"सलामी काढू?"

"सलामी मातीत असती. तुझ्या पेटीत कुठली आली माती?"

इतके दिवस ज्यांच्या आडून मी भांडत होते, ते बाजूलाच सरकले. आता तिथं मी एकटी होते. आबांचं काहीच बिघडणार नव्हतं. ती सलामी मला हवी होती. मागच्या कोपऱ्यात बसून काय ठेवायचं आणि काय काढायचं ते मी ठरवायची, आणि ते ठरवणं मला कुणाला द्यायचं नव्हतं. एवढंच होतं, आणि त्याला कुणाच्या मानाचा आधार नव्हता.

"मग मी जात न्हाय मुंबईला," मी म्हटलं.

"येडी हाईस."

"तुमी बी सोडलाच की कारखाना."

आबांनी धार चालूच ठेवली. चरवी भरत आली होती. गिऱ्हाइकाचं भांडं पुढं आलं, ते भरून दिलं, आणि मग माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "भ्या वाटतंय?"

"व्हय. लई."

"मला बी वाटायचं. जत्रंत उतरताना पाय लटपटायचं. कारखान्यात असताना कधी न्हाय वाटलं." म्हशीच्या पाठीवर थाप मारून ते उठले. "म्हणून सोडला."

त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचले. दुपारच्या सुट्टीत पोस्टात जाऊन मुंबईला ट्रंक कॉल लावला आणि नोकरी नको म्हणून सांगितलं. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा खेळ माझा आहे, एवढंच म्हणता आलं. बाहेर आले तर पाय असे लटपटत होते की पोस्टाच्या पायरीवर बसावं लागलं.