आई हसत होती तेव्हा

आईचं बायपासचं ऑपरेशन झालं आणि सहाव्या दिवशी तिची धाकटी बहीण गेली. मी तेव्हा कल्याणच्या हॉस्पिटलात आईच्या पलंगाजवळ स्टुलावर बसून तिला पातळ खिचडी भरवत होते. फोन मावशीच्या मुलीचा होता. बाहेर जाऊन घेतला. मावशीचं वज्रेश्वरीला देवळाजवळ ओटीच्या सामानाचं दुकान. सकाळी ते उघडायला गेली, शटर अर्धं वर केलं आणि तिथेच खाली बसली. उठली नाही.

मी आत आले आणि उरलेली खिचडी भरवायला घेतली.

"कुनाचा फोन?" आईने विचारलं.

"शाळेतून. उद्या माझ्या तासाला कोण जाणार, ते विचारत होते."

आईने मान हलवली आणि तोंड उघडलं. चमच्यातलं थोडं तिच्या गळ्यावर सांडलं. "नीट भरव की गो," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, सध्या कुठलाही धक्का नको, थोडे दिवस जाऊ द्या. थोडे म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर न विचारण्यात मला सोय वाटली.

अडचण अशी होती की या दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या. काल काय भाजी केली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, गुडघा कुठला दुखतोय. मी आईला सांगितलं की डॉक्टरांनी फोनवर बोलायला बंदी केली आहे, धाप लागते, फक्त ऐकायचं; आणि मावशीचा गुडघा फार दुखतोय, तिला भेटायला येता येणार नाही. मावशीला लिहिणं जमायचं नाही, ती व्हॉट्सॲपवर बोलूनच निरोप पाठवायची. तिच्या मुलीच्या फोनवर, तिला पाठवलेले असे जुने निरोप बरेच साठले होते. ज्यात सण नाही, ऋतू नाही, कुणाचं लग्न नाही, असे मावसबहीण वेगळे काढायची आणि मावशीच्याच फोनवरून दोन-तीन दिवसांनी एकेक आईला पाठवायची.

"जेवलीस का गो बाय? गोल्या टायमावर घे."

आई फोन कानाला लावून ऐकायची आणि उलट निरोपात एवढंच बोलायची, "घेतल्या. तू पन जप." तो निरोप तिकडे माझी मावसबहीण आईविना घरात बसून ऐकायची. तिने एकदा मला फोन केला. "ताई, आता चारच उरलेत. नंतर काय करायचं?"

मी म्हटलं, बघू. तेव्हा मी सगळ्यालाच बघू म्हणत होते.

आईला आम्ही कामतघरला माझ्या घरी आणलं होतं. आमच्या बिल्डिंगच्या मागे लूमची, यंत्रमागांची शेड आहे, दिवसभर खडखड चालू. आईला त्या आवाजाचं काही वाटत नसे, पण कंटाळा यायचा. माझ्या मुलीने, ती कॉलेजात शिकते, आजीसाठी मोबाइलवरून टीव्हीवर एक हिंदी मालिका लावून दिली. मैत्रिणींनी सांगितलं होतं म्हणे, फार विनोदी आहे, एकेक भाग अर्ध्या तासाचा. मी सकाळच्या शाळेतून येऊन जेवून उठले होते. खालच्या मजल्यावरच्या खालाही आल्या होत्या. त्यांच्या घरचे लूम आहेत, तीन पिढ्या इथेच गेल्या, आणि आईशी त्यांचं फार जमतं, तिला त्या आपा म्हणतात, थोरली बहीण. मावशी गेल्याचं त्यांना मी आईला आणलं त्याच दिवशी जिन्यात सांगून ठेवलं होतं.

मालिका सुरू झाली. एक निवृत्त बँडमास्तर म्हातारा, त्याला हृदयाचा त्रास. त्याची तीन मुलं, तिघंही तऱ्हेवाईक. एक घरात हेल्मेट घालून वावरतो. मुलगी दर मंगळवारी मौन पाळते आणि पाटीवर लिहून भांडते. पहिल्या पाच मिनिटांत आई खुदकन हसली. मला बरं वाटलं. आणि मग फोन आला, पडद्यावर. म्हाताऱ्याचा मोठा भाऊ दुसऱ्या गावी वारला होता. तिघं मुलं स्वयंपाकघरात कुजबुजली. बाबांना सांगायचं नाही. धाकट्याने तोंडावर रुमाल धरला आणि बाहेरच्या खोलीतल्या बापाला काकाच्या आवाजात फोन लावला.

मुलीने माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला मालिकेची गोष्ट माहीत नव्हती, नुसती विनोदी म्हणून लावली होती.

"बंद कर गं," मी म्हटलं. "हिंदी आहे, आजीला कळत नाही."

"कलतं मला," आई म्हणाली. "मस्त हाय. ऱ्हाऊ दे."

हॉस्पिटलातून आईला एक छोटी घट्ट उशी दिली होती. खोकला आला, हसू आलं की ती छातीशी दाबून धरायची, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. त्या दिवशी आई ती उशी दोन्ही हातांनी कवटाळून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. खालाही हसत होत्या, पण माझ्याकडे लक्ष गेलं तशा थांबल्या आणि पदराने तोंड पुसत बसल्या.

मग रोज दुपारी चहा झाला की तेच. मी एकदा इंटरनेट बंद पडल्याचं सांगितलं, तर आईने खालांच्या घरचं जोडून घ्यायला लावलं. भाग पुढे सरकत होते तसतशी त्या मुलांची फजिती वाढत होती. काका दिवाळीला का येत नाही? मग ओळखीच्या एका आचाऱ्याला खोटी मिशी लावून काका म्हणून अंधाऱ्या खोलीत बसवलं. आई तो मिशीचा भाग दोनदा बघून हसली. पण प्रत्येक भाग संपता संपता एखादी गोष्ट अशी यायची की हसू तोंडातच राहायचं. फोन ठेवल्यावरही तो धाकटा मुलगा रुमाल तोंडाशी धरून एकटाच काकाच्या आवाजात बोलत बसायचा. स्वतःलाच विचारायचा, जेवलास का रे. तो भाग बघून मी उठले आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मी आईचा चेहरा बघत बसायचे, पडद्याकडे माझं लक्षच नसायचं. ती कुठे हसते, कुठे गप्प होते. तिला संशय आला का? एकदा ती म्हणाली, "ह्यो म्हातारा येडा हाय. भावाचा आवाज वळखता येत न्हाय? मी माझ्या बहिनीचा झोपेत वळखीन." पण ती पुढचा भाग लाव म्हणून मोकळी झाली. आवाज तर खराच होता, ओळखायचं काय?

मुलगी मोबाइलवर त्या मालिकेखाली लोकांनी लिहिलेलं वाचायची. आधी मोठ्याने वाचायची, मग मला स्वयंपाकघरात येऊन दाखवायला लागली. कुणी लिहिलं होतं, पोट दुखेपर्यंत हसलो. कुणी म्हणत होतं, मरणावर विनोद करायला लाज कशी वाटत नाही. एकाने लिहिलं होतं, आमच्या घरी असंच केलं होतं आणि बाबा वाचले, त्यामुळे मी या मुलांच्या बाजूने आहे. आणि एकाने लिहिलं होतं, मी परदेशात नोकरीला होतो, वडील गेल्याचं मला चार महिन्यांनी सांगितलं. त्या चार महिन्यांतले माझे हसरे फोटो मी सगळे पुसून टाकले.

ते वाचल्यापासून मला झोप येईना.

एके दिवशी खाला चहाला आल्या नाहीत. मी खाली गेले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"मी नाय येणार आता बघायला," त्या म्हणाल्या. "आपा हसतात, मग मला पण हसायला लागतं. गुनाह केल्यासारखं वाटतं गं. तू सांगून टाक."

"काही झालं म्हणजे?"

"झालंच तर मी आहे, तू आहेस. पण असं किती दिवस? तिची बहीण आहे ती. रडायचा हक आहे तिला."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आता दोन महिने होत आले, तपासण्या चांगल्या आहेत, घरात माणसं असताना हळूहळू सांगा. म्हणजे आता डॉक्टरांचाही आडोसा राहिला नाही. त्याच संध्याकाळी मावसबहिणीने शेवटचा निरोप पाठवला.

मालिकेचा एकच भाग उरला होता. मुलीने तो आधी बघून ठेवला होता. "आई, म्हाताऱ्याला शेवटी कळतं," ती म्हणाली. "म्हणजे त्याला सगळं आधीपासूनच माहीत असतं. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तो गप्प असतो. मग तो हसायला लागतो, आणि सगळे हसतात. लोकांना हा शेवट फार आवडलाय."

मला एकदम आशा वाटली. आईलाही कदाचित माहीत असेल. ती पण आमच्यासाठीच गप्प असेल. आता हे लिहिताना कळतं की ती आशा किती स्वार्थी होती. पण मी ठरवलं, आधी तो भाग दाखवायचा, मग सांगायचं. खालांना बोलावून घेतलं. दुपारचे चार वाजले होते.

म्हातारा पडद्यावर हसला. मुलं हसली. आई हसली नाही. उशी मांडीवर तशीच.

"खोटं हाय," ती म्हणाली. "असं कोनी हसत न्हाय. लिहिनाऱ्याचं कोनी गेलं नसंल."

मुलीने टीव्ही बंद केला. मी आईच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सांगितलं. हळूहळू सांगायचं ठरवलं होतं, पण एका वाक्यात सांगून बसले.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत नव्हतं. जराही माहीत नव्हतं.

"कंदी?"

मी दिवस सांगितला. तिचे ओठ हलत होते, ती मागे मोजत होती.

"मंग ती बोलायची ते?"

"जुनं होतं."

"दहावं, तेरावं?"

"झालं. मी गेले होते."

"आनि मी हितं त्या मिशीला हसत व्हते," आई म्हणाली. "तुम्ही मला हसू दिलंत."

मी काहीतरी बोलायला लागले, डॉक्टर, धक्का, टाके. तिने हात वर करून मला थांबवलं. मग उठली, भिंतीला धरत मोरीकडे गेली. मरणाचं ऐकलं की अंघोळ करायची असते. मी मदतीला गेले तर तिने दार लावून आतून कडी घातली.

ती दहा-पंधरा मिनिटं मी विसरणार नाही. आत पाणी पडण्याचा आवाज, मग नाही, मग पुन्हा. मागच्या शेडची खडखड, त्यामुळे आतलं नीट ऐकूही येईना. मी दार वाजवलं, उत्तर नाही. मुलगी रडत डॉक्टरांचा नंबर शोधत होती. मी कडी तोडायची कशी याचा विचार करत होते. खालांनी मला बाजूला केलं आणि दाराला तोंड लावून म्हणाल्या, "आपा, मी आहे. फक्त एक आवाज द्या. बाकी बसा पाहिजे तितकं."

आतून आईचं रडणं आलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं. खाला म्हणाल्या, "बस. आता रडू दे." आणि त्या दाराला टेकून खाली बसल्या. मी उभीच.

आईला काही झालं नाही. नाडी, बीपी, सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला गाडीने वज्रेश्वरीला नेलं, ती मावसबहिणीच्या गळ्यात पडून रडली, तिला काही दोष दिला नाही. माझ्याशी मात्र तीन आठवडे बोलली नाही. गोळ्या माझ्या हातून घ्यायची, पाणी मागायची नातीकडे. टीव्ही तिने पुन्हा लावायला सांगितला नाही. दुपारी खाला यायच्या, दोघी मावशीबद्दल बोलायच्या, आणि मी आत गेले की गप्प व्हायच्या. माझं चुकलं का, हे मी तेव्हा शंभरदा स्वतःला विचारलं. दर वेळी उत्तर वेगळं यायचं. ती जिवंत आहे म्हणून बरोबर केलं, असं म्हणावं, तर सांगूनही ती जिवंतच राहिली असती कदाचित.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघीच कल्याणला निघालो. कोन गावाजवळ ट्रक अडकले होते, रिक्षा हलेना. आई बाहेर बघत होती. अचानक म्हणाली, "माझं काय झालं तर तुझ्या पोरीला लगेच सांग. परीक्षा असली तरी."

"असं बोलू नको गं."

"सांगशील का न्हाय ते बोल."

"सांगेन."

तिने वळून माझ्याकडे नीट बघितलं, माझं खरं की खोटं ते तपासत असल्यासारखं. मुलीची परीक्षा पुढच्याच महिन्यात होती. मला ठसका लागला. आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली, आणि समोरचा ट्रक हलला.