हंसाचे चार दिवस

आगाशीच्या तळ्यापलीकडे, आमच्या आळीच्या अगदी टोकाला द्वारकाकाकूंची वाडी होती. आता तिथे चार मजली इमारत उभी आहे आणि तिला ‘कदलीवन’ नाव दिलंय. आत औषधाला केळ सापडायची नाही. पण सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साली दिवाळीनंतरचं ऊन तापलं आणि काकूंच्या अंगणात सुकेळ्यांचा मांडव पडला, की पिकल्या राजेळी केळ्यांचा वास थेट बाजाराच्या नाक्यापर्यंत जायचा. त्या वासामागे लोक सुकेळी घ्यायला यायचे आणि जाताना हंसाला बघून जायचे.

बघण्यासारखीच होती म्हणा. पोफळीसारखी उंच, पंजे फावड्याएवढे, आणि आवाज असा की तिने फाटकातून “कोण हाय?” विचारलं की बावखलावरचे, म्हणजे वाडीमागच्या तळीवरचे, बगळे उडायचे. पण उन्हात सुकलेलं केळं वाळल्या पानात ती अशी काही गुंडाळायची की वर्षभर मुंगी आत शिरत नसे.

पाळण्यातलं नाव हरेश्वर. आई बाळंतपणात गेली, बापाने केळव्याला दुसरा संसार मांडला, आणि पोर काकूंच्या पदरात पडलं. विशी ओलांडल्यावर एका सकाळी ते प्रेमलावहिनीचं, म्हणजे काकूंच्या सुनेचं, जुनं पातळ नेसून मांडवाखाली आलं, केळी सोलायला बसलं आणि म्हणालं, “आजपासून मी हंसा.”

काकूंनी सालींची टोपली पुढे सरकवली. “हंसा तर हंसा. साली गुरांना घाल, आणि आधी तो पदर खोच. केळ्यांत लोळतोय.”

झालं बारसं. ना पेढे, ना पाळणा. बाजारात टपरीवाला भालचंद्र तिला बघून शीळ घालायचा. पहिल्या दिवशी तिने मान खाली घातली, दुसऱ्या दिवशी वळली आणि म्हणाली, “भालूशेठ, घालायची तर सुरात घाला. तुमची म्हैस आटेल.” त्यानंतर शीळ बंद झाली. म्हैस मात्र खरंच आटली, आणि भालूशेठ अजून हंसाचं तोंड लागलं म्हणून सांगत असतो.

सुकेळ्यांचा एक नियम मात्र फार कडक. बाहेरची झालेली बाई मांडवाखाली फिरकायची नाही. तिची सावली पडली तर केळी काळी पडतात, असं काकूंच्या सासूने सांगून ठेवलेलं. म्हणून ज्या बाईला कावळा शिवला, तिने मागच्या पडवीत गोणपाट टाकून चार दिवस बसायचं. तिला कुणी शिवायचं नाही, तिने कशाला हात लावायचा नाही. आयता चहा, आयतं जेवण. प्रेमला तिथे केस मोकळे सोडून, पाय पसरून अशी काही बसायची की जणू माहेरी आली आहे.

हंसाला त्या पडवीचा भारी हेवा. आरामाचा नव्हे, कामाला ती बैल होती. पण मांडवाखाली बसली की येणारा-जाणारा तिच्याकडे दोनदा बघायचा. पडवीतल्या बाईकडे कुणी दोनदा बघत नसे. तिथे बसलेली ती बाईच, असं सगळी आळी न विचारता धरून चालायची.

एके दिवशी तिने सरळ गोणपाट उचललं. “काकू, मला कावळा शिवला.”

पुतळाबाई, खाडीकडची मालिशवाली, अशी हसली की तिच्या तोंडातली मिश्री उडाली. “कंचा गं कावला? डोमकावला काय?”

काकूंनी हंसाकडे बघितलं, मग केळ्यांकडे. “शिवला म्हणते तर बसू दे. उगाच माझ्या केळ्यांशी खेळ नको.”

तेव्हापासून हंसा दर महिन्याला पडवीत बसू लागली. प्रेमलेची तारीख मागंपुढं व्हायची. हंसाची कधी झाली नाही. पडवीतून ती आख्ख्या आळीच्या कुचाळक्या ऐकायची आणि त्यांत आपल्या दोन घालायची. माणसाला आणखी काय हवं असतं?

पण हंसाला आणखी हवं होतं. सरकारी दवाखान्यातली उर्सुला नर्स तेव्हा दारोदार फिरून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या वाटायची. प्रेमलेने दोन महिने घेतल्या आणि वैतागली.

“मळमळतं मेलं. छाती भरून येते, दुखते. बसल्या बसल्या रडू येतं.”

हंसाच्या हातातलं केळं हातातच राहिलं. “छाती भरून येते?”

“हो गं. टाकून देते त्या.”

“टाकू नकोस. मला दे.”

प्रेमला आधी हसली, मग हसायची थांबली. तिने गोळ्या दिल्या, आणि नर्सचं मन मोडू नये म्हणून दर महिन्याला नव्या घेऊन हंसाच्या ओंजळीत ओतत राहिली. त्या पुरेनात, तेव्हा हंसा विरारच्या औषधाच्या दुकानातून आणू लागली. तिथे ती पँट-शर्ट घालून जायची आणि “मिसेससाठी” म्हणायची. दुकानदाराला वाटायचं, काय जबाबदार नवरा आहे!

किती घ्यायच्या ते तिला कोण सांगणार? वाडीतल्या माणसाला एकच शास्त्र ठाऊक: केळीला खत जास्त तर घड मोठा. एका गोळीने प्रेमलेला इतकं होतं, तर मूठभर घेतल्या की आपलं काम झालं. सकाळी चहाबरोबर अर्धी मूठ, संध्याकाळी अर्धी.

आणि घड लागला की हो! वर्षभरात तिच्या गालांवरचा राकटपणा गेला, कातडी मऊ झाली, आणि चोळीला शिंप्याची गरज पडली. बावखलावर पाणी भरायला गेली की घागर बुडवायच्या आधी ती पाण्यात वाकून बघत राहायची. आत कोणी ओळखीचं भेटल्यासारखी हसायची. आळीतल्या बायकांनी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं.

पण सकाळी उलट्या होऊ लागल्या. पुतळाबाई विचारायची, “कितवा गं?” डोकं असं धरायचं की उजेड नको वाटायचा. घड पडून फुटला म्हणून तासभर रडली एकदा. पाय जड झाले. विहिरीमागे लपून विडी ओढायची जुनी सवय होती, ती वाढली. हंसाला वाटायचं, बाई होणं सोपं का असतं? प्रेमलेला नाही का हेच झालं? जितका त्रास, तितकी खूण खरी.

एक्क्याऐंशीच्या शिमग्यात ती आपल्या चार दिवसांसाठी पडवीत बसली, आणि दुसऱ्या दिवशी डावी पोटरी ठणकू लागली. संध्याकाळपर्यंत पाय केळीच्या खोडासारखा टम्म, लालसर, हाताला गरम. बायका लांबूनच बघून निदान करू लागल्या. कुणी म्हणाली वात, कुणी म्हणाली हत्तीरोग; त्या काळी आपल्याकडे कुणाचा पाय सुजला की पहिलं नाव त्याचंच.

पुतळाबाई उंडीच्या तेलाची वाटी घेऊन आली. “दे इकडं पाय. असा रगडते, सगला वात उतरंल.”

“मावशी, शिवू नका,” हंसा म्हणाली. “मी बाहेरची आहे.”

“अगो बाय, माज्यासमोर कशाला सोंग? तुजं काय खरं हाय काय? सगल्या आलीला म्हाईत हाय.”

पुतळाबाईच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला तो पाय दिसत होता आणि तिचे हात शिवशिवत होते. पण हंसाला पायापेक्षा ते शब्द जास्त लागले. पाय पुढे करायचा म्हणजे कबूल करायचं, की इतकी वर्षं या पडवीत एक पुरुष गंमत म्हणून बसला होता. तिने पाय पातळाखाली ओढून घेतला. कळ मस्तकात गेली, पण तोंडातून ‘हूं’ नाही.

“शिवू नका म्हटलं ना!”

वाद ऐकून द्वारकाकाकू बाहेर आल्या. “पुतळे, प्रेमला बसली असती तर हात लावला असतास?”

“नसता लावला.”

“मग हिला का लावतेस? ठेव ते तेल.”

तिसऱ्या दिवशी हंसाला पाऊल टेकवेना. तेव्हा मात्र काकूंनी टांगा बोलावला आणि स्वतःच तिच्या बगलेत हात घातला. “काकू, विटाळ—” हंसा कळवळली. “आंघोळीला पाणी आहे घरात,” काकू म्हणाल्या. “चढ वर.”

सिप्रियन डॉक्टर निर्मळच्या वाटेवर बसत. चष्म्याआडून थंडपणे बघणारा, कमी बोलणारा माणूस. नाव विचारलं, “हंसा” म्हणून सांगितल्यावर मान हलवली, आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

“मालिश केलीत?”

“नाही.”

“कुणीच दाबलं नाही? चोळलं नाही?”

“कोण चोळणार?” काकू म्हणाल्या. “बाहेरची होती ना ती.”

डॉक्टरांनी काकूंकडे बघितलं, हंसाकडे बघितलं, आणि चष्मा काढून पुसला. “बाई, शिरेत रक्ताची गाठ झालीय. चोळली असती तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती. मग टांग्यातून काय आणलं असतंत, ते मी बोलत नाही.” चष्मा परत लावून हंसाला म्हणाले, “एका जागी बसून राहिलीस, तेही वाईटच केलंस. पण हात लावू दिला नाहीस, ते बरं झालं. आता सांग, काय घेतेस?”

हंसा जमिनीकडे बघत राहिली. सांगितलं की गोळ्या जाणार, हे तिला न सांगता कळत होतं. आणि गोळ्या गेल्या की बावखलात दिसणारी ती बाईही जाणार.

“काही नाही.”

“सांग की मेले!” काकू कडाडल्या. “प्रेमलेच्या त्या पाळणा लांबवायच्या गोळ्या. घर मीच झाडते ना? कौलातल्या उंदरालासुद्धा ठाऊक आहे.”

“किती?” डॉक्टरांनी विचारलं.

“मूठभर,” हंसा पुटपुटली. “रोज.”

“आणि वर विडी. वास येतोय.” डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. मग समजावू लागले. या गोळ्यांनी रक्त दाट होतं, गाठी होण्याचं भय वाढतं. विडीने शिरा बिघडतात. रक्तदाब चढतो, यकृतावर ताण येतो. एक गोळी घेणाऱ्या बाईलासुद्धा आम्ही विचारून देतो, तू तर खताची पाटी ओतलीस. “आजपासून बंद. पुन्हा या गोळ्यांना हात लावायचा नाही.”

“मग मी परत पहिल्यासारखी होणार?”

“काही राहील, काही जाईल. दाढी जोर धरेल. सगळं मलाही माहीत नाही, हंसा. मुंबईत कुणी जाणकार भेटला तर विचारून बघ. पण मेलीस तर काहीच राहणार नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.”

त्यांनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथे रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली, मग पुढे कित्येक महिने गोळ्या. त्यांचंही एक नवं दुखणं: जरा खरचटलं तरी रक्त थांबेना. काकूंनी कोयता माळ्यावर टाकला. विडी सुटली, त्या दिवसांत हंसा इतकी चिडायची की भालूशेठ टपरी सोडून मागच्या वाटेने जायचा.

पुढची दिवाळी आली. मांडव पडला, वास सुटला. हंसा कामाला आली ती पदर गालावर ओढून. खुंट पुन्हा टोचू लागले होते. पाण्यावर गेली की डोळे मिटून घागर बुडवायची. तिच्या तारखेच्या दिवशी ती पडवीत गेली नाही. मान खाली घालून केळी सोलत राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. कुणी काही बोललं नाही. पुतळाबाईसुद्धा गप्प, म्हणजे बघा.

तिसऱ्या दिवशी काकूंनी सूप आपटलं. “हंसा, तुझी तारीख कधीच होऊन गेली. माझी केळी काळी करायला बसलीस काय? ऊठ तिथून!”

हंसाचा हात थांबला. “काकू, आता गोळ्या नाहीत.”

“मग?”

“मग कशाचा कावळा नि कशाचं काय.”

“पहिल्यांदा बसलीस तेव्हा कुठल्या गोळ्या होत्या?” काकू म्हणाल्या. “तेव्हा मी काही विचारलं होतं?”

हंसाने मान वर केली. पदर गालावरून कधी घसरला, ते तिला कळलं नाही.

पुतळाबाईने पडवीतलं गोणपाट झटकलं आणि घातलं, हंसाला शिवू नये म्हणून लांबून. “ये बाय. पन बसू नको जास्ती. डाक्टरने सांगितलंय ना, हिंड म्हनून.”

तेव्हापासून आमच्या आळीत एक अजब दृश्य दिसू लागलं. बाहेरची झालेली बाई कोपऱ्यात बसते, ही जगाची रीत. हंसा हातात चहाचा पेला घेऊन बावखलाभोवती फेऱ्या मारायची. जरा लंगडत, पण ऐटीत. एकदा भालूशेठ समोरून आला आणि वाट देईना. तशी ती आपल्या त्या बगळे उडवणाऱ्या आवाजात ओरडली,

“बाजूला व्हा, भालूशेठ! शिवाल!”

आणि भालूशेठ मुकाट्याने वाटेवरून खाली उतरला, चिखलात.