मोठ्या टाकीतला हिरवा रंग

ही गोष्ट सांगायची वेळ आली की मी विषय बदलत आलो. आता ती ऐकून रागावणारं कोणी उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका बागेत छोटं मत्स्यालय होतं. मी तिथला सुपरवायझर. गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती आणि एंजल माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके उठले. मासे दगडांना अंग घासू लागले. जत्रेसाठी मुंबईहून मागवलेले मासे मी आल्याबरोबर टाक्यांत सोडले होते. सगळीकडे जाळी एकच फिरायची. रोगही तसाच फिरला.

बिराजदारबाईंना बोलावलं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि आमच्या मानद सल्लागार होत्या. त्यांची कॉलेजची मुलं प्रॅक्टिकलला आमच्याकडे येत. कॉलेजात टाकी नव्हती, त्यामुळे बाईंना ही जागा फार मोलाची वाटे.

"प्रत्येक ठिपक्यात एक जीव बसलाय," बाई म्हणाल्या. "कातडीखाली आहे तोवर औषध त्याला शिवत नाही. पिकला की तळाला पडतो, फुटतो, आणि शेकडो पिल्लं नवा मासा शोधत सुटतात. मारायचं ते तेव्हा."

"मग ठिपके गेले की झालं?"

"तिथंच सगळे फसतात, मानेसाहेब. ठिपके गेले की खरं काम सुरू."

पाणी कोमट असलं की हे चक्र लवकर फिरतं. आमच्याकडे हीटर नव्हते. बाईंनी झाकणातले बल्ब मोठे करवले, काचांना बाहेरून पोती बांधली. कोमट पाण्यात हवा कमी राहते, म्हणून हवेचे पंप वाढवले. थोडं थोडं मीठ घातलं. साडीचा पदर खोचून त्या स्वतः पाणी उपसत होत्या.

मत्स्यालयाच्या कमिटीचे चेअरमन अण्णा बघायला आले. "काय वो बाई, माशास्नी ताप आणताय की काय?"

"पांघरूण घालतेय, अण्णा. तुम्ही नाही का थंडीत मफलर गुंडाळत?"

अण्णा हसले, पण जाताना मला म्हणाले, "माने, जत्रेत मोठी टाकी रिकामी दिसली तर लई वाईट दिसंल."

लहान टाक्या सुधारल्या. मोठी टाकी बल्बांनी तापेना. तिच्यासाठी बाईंनी पुण्याहून मॅलॅकाइट ग्रीन नावाचं औषध मागवलं होतं. पार्सल येत नव्हतं. "शुद्धच हवं. थांबा," असं त्यांनी मला बजावलं होतं.

मी थांबलो नाही. मॅलॅकाइट ग्रीन हा मुळात कापडाचा रंग, आणि आपलं गाव चादरींचं. पेठेतल्या रंगाच्या दुकानात नाव सांगताच पुडी मिळाली. रंग तोच, नाव तेच. मी तो मोठ्या टाकीत कालवला. कापडाच्या रंगात जस्त असतं आणि ते माशांना विष ठरतं, हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळे मासे उलटे तरंगत होते.

अण्णा तडक आले. "हे औषध कुणी सांगितलं?"

"नाव बाईंनीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. म्हणूनच ते खोट्याहून वाईट होतं.

बाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पार्सल अजून आलेलं नाही, एवढं त्या म्हणाल्या असत्या तरी माझी नोकरी गेली असती. त्या म्हणाल्या, "ही जाळी दुसऱ्या टाकीत घालू नका. बाकीचे वाचवू या."

आणि वाचवले. ठिपके गेल्यावरही त्यांनी उपचार थांबवू दिला नाही. प्रत्येक टाकीला वेगळी जाळी आणि नव्या माशांना आधी वेगळी टाकी, हा नियम त्यांचा. मी निवृत्त होईपर्यंत तो चालला आणि हा रोग पुन्हा आला नाही. जत्रेत लोकांनी लहान टाक्यांपुढे गर्दी केली. पण जत्रा संपल्यावर कमिटीनं बाईंचं सल्लागारपद काढलं आणि त्यांच्या मुलांचं प्रॅक्टिकलही बंद केलं. मी गप्प होतो.

रंगाचं नाव एक असलं म्हणून औषध एक होत नाही, एवढा धडा मी पुढं प्रत्येक नव्या माणसाला दिला. तो कुठं शिकलो, हे सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा शुक्रवार पेठेत बाईंच्या घरी गेलो. त्यांनी आपुलकीनं बसवलं, भाकरी आणि शेंगाचटणी खायला लावली, माझ्या मुलांची चौकशी केली. मी भाकरीचं कौतुक केलं आणि उठलो. "परत या," त्या म्हणाल्या. मी परत जायच्या आतच त्या वारल्या.

मला म्हणायचं होतं ते एवढंच: बाई, तो रंग मी आणला होता. मला माफ करा.