खिंडीतल्या फोटोत नसलेल्या बाई

"दादा, या फोटोत मी कुठे आहे हो?" पहिल्या रांगेत, हनुवटीखाली मूठ ठेवून बाई विचारायच्या.

इथे परदेशात, ॲडम्सटाउनच्या मराठी स्नेहसंमेलनांना तुम्ही गेला असाल, तर तो फोटो तुम्हीही पाहिला असणार. पेरूमधली अँडीजची खिंड, हातात भगवा आणि मधोमध आमचे ट्रेकलीडर दादा, मागची हिमशिखरं स्वतः रचल्यासारखे उभे. खाली हिरवीगार दरी, निळं तळं, काठावर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे बाई.

"तू जरा मागे होतीस गं."

"जरा म्हणजे?"

"अगं, शेवटी सगळं ग्रँड झालं ना!"

बाई मेयो जिल्ह्यातल्या कासलबारला राहायच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर. मी त्यांच्याच ऑपरेशन थिएटरात नर्स. रुग्णाला झोपवताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा की मलाही जांभई यायची. दादांशी त्या याच आवाजात बोलत.

आपल्याकडे ट्रेकचा साधा नियम आहे: शेवटचा गडी सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मागे राहतो. त्या दिवशी शेवटचे गडी दादाच होते. विरळ हवेनं बाईंना ओकाऱ्या सुरू झाल्या. दादांना मात्र उन्हं आहेत तोवर खिंडीत शिवगर्जनेचा व्हिडिओ हवा होता. "बस इथे, आलोच," म्हणाले. आले ते दिवस मावळताना.

"वरून गर्जना ऐकू आली," बाई एकदा चहा पिताना म्हणाल्या. "वाटलं, मेले तर माझ्या शोकसभेत हाच बोलेल. म्हणून जगले."

मग दादांनी नवीन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा तोच ट्रेक जाहीर केला. बाईंनी ठरवलं, याच्याबरोबर एकही पोर जाता कामा नये. मेयोतल्या डोंगरावरचा सराव ट्रेक त्यांनी आपल्याकडे घेतला आणि सगळ्यांसमोर दादांना शेवटचा गडी नेमलं. मग स्वतः सगळ्यांत हळू चालू लागल्या.

पाऊस, चिखल, धुकं. बाई प्रत्येक कुंपणाशी टेकत, बुटाची नाडी सोडत, पुन्हा बांधत. मेंढ्यासुद्धा कंटाळून निघून गेल्या.

"चल ना गं! पोरं पोहोचली वर."

"दम लागलाय, दादा. तुम्ही व्हा पुढे. गर्जना राहून जाईल."

दादा झाले पुढे. मी मुलांबरोबर वरच होते. दादा धापा टाकत आले, भगवा काढला, म्हणाले, "हं, कॅमेरा!"

"बाई कुठायत?" एका मुलीनं विचारलं.

"येतेय. ठीक आहे ती."

"पण शेवटी तुम्ही होतात ना?"

कुणी कॅमेरा काढला नाही. मुलं एकेक करून धुक्यात खाली बाईंकडे उतरली, मीही.

बाई दगडावर बसून थर्मासमधून चहा ओतत होत्या.

"झालं समाधान?" मी विचारलं.

"छे. त्याचा ट्रेक मोडला, एवढंच."

पुढच्याच वर्षी त्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, निरोपसमारंभ न घेता. भाषण दादाच करणार होते. मला मात्र बाई आठवतात त्या दगडावरच्या. वरून दादांची एकट्याची गर्जना आली, तेव्हा मुलं माना वळवू लागली.

"चहा घ्या रे," बाई म्हणाल्या, "निवतोय."