घोंगडीवर बसलेले राजदूत

शकुबाई सरपंच झाल्या त्या साली गावची जागा बायकांसाठी राखीव निघाली होती. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं; शेती आली ती सासऱ्यांच्या हयातीत. "आता मेंढरं सोडून वैनी माणसं हाकणार," असं म्हणून दीर सिद्धू हसायचा. शकुबाई बोलायच्या कमी. पण भांडणाच्या जागी त्या पोचल्या की आवाज आपोआप खाली यायचे.

त्या दिवाळीनंतर मात्र भांडण त्यांच्याच दारात आलं. कोकणाकडं निघालेला सिद्धूचा कळप माळेगावच्या वाटेवर बागायतदार मानसिंगरावांच्या कोवळ्या उसात शिरला आणि शेंडे खाऊन गेला. मानसिंगरावांनी कळप रस्त्यातच अडवला. "आजपास्नं ह्या शिवारातनं मेंढरांची वाट बंद," ते म्हणाले. ती वाट मोडली असती तर गावातल्या साऱ्या मेंढपाळांचे कळप अडकले असते.

शकुबाई धावत आल्या. त्यांनी बांधावर घोंगडी अंथरली. घोंगडीवर बसून ठरलेलं कुणी मोडत नाही, ही तिकडची रीत.

"बसा, मानसिंगराव."

"मी उभाच बरा हाय. मेंढरं तुमची, आन न्यायबी तुमीच करायचा व्हय?"

एवढ्यात मेंढरांच्या गर्दीत कारखान्याची जीप येऊन थांबली. बापूसाहेब संचालक एका पाहुण्यांना ऊस दाखवायला आणत होते. पाहुणे दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशाचे राजदूत. मेंढपाळाचं पोर, निवडणुका लढवत मंत्री झालेलं, मग देशोदेशी आपल्या मुलखाचा शब्द घेऊन फिरलेलं. म्हाताऱ्या राजदूतानं बापूसाहेबांकडून सगळं समजून घेतलं. रिकाम्या घोंगडीकडं पाहिलं. बूट काढून बाजूला ठेवले आणि एका कडेला मांडी घालून बसला. मधली जागा मोकळी ठेवली.

शकुबाई हळूच म्हणाल्या, "पाव्हणं खाली, आन तुमी उभं?"

मानसिंगराव बसले.

मग शकुबाईंनी आपल्याच घराला तोशीस लावली. मेंढरं रानात बसवली की लेंडीखत मिळतं, त्याबदली शेतकरी धान्य देतो. सिद्धूनं धान्य न घेता आठवडाभर कळप मानसिंगरावांच्या पडीक रानात बसवायचा, आणि वाट पूर्वीसारखी चालू. सिद्धूनं तोंड वाकडं केलं, पण घोंगडीवरून उठला नाही. मानसिंगरावांनी मान डोलावली.

उठताना पाहुणे काहीतरी बोलले. बापूसाहेबांनी मराठीत सांगितलं, "दोन शेजारी देशांचं भांडण मिटवायला हे गेले होते. कोण आधी बसणार, यावरच महिना गेला म्हणतात."

"मग सुटलं कसं?" शकुबाईंनी विचारलं.

"हेच आधी जाऊन बसले."

सांजेला पडीक रानात, कळपाच्या मुक्कामी, मानसिंगरावांच्या घरून कालवण-भाकरी आली. कुणी मागितली नव्हती. घेऊन ते स्वतःच आले, अन् बसा म्हणायच्या आत घोंगडीवर टेकले.

शकुबाई पुढं पंचायत समितीवर निवडून गेल्या. गावोगावची भांडणं त्यांच्याकडं येत राहिली. पण "बसा" असं त्यांनी पुन्हा कुणाला म्हटलं नाही. घोंगडी अंथरायची, पायातलं काढायचं आणि आधी आपण कडेला बसायचं.